टायपिंग व इंग्रजी

त्या वर्षी जळगावात इंटरनेटचं दुकान माझ्या माहितीत एकच होतं, नव्या पेठेत एका जिन्याखाली. आधी तिथे एसटीडी बूथ होता. मालकाने बूथची काच तशीच ठेवून आत प्लायवूडचे तीन खण पाडले होते आणि उरलेल्या भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने टांगले होते, कारण दुकान खरं पत्रिकांवरच चालायचं. मालकाला सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. मी सकाळी अकराला जायचे. त्या वेळी कॉलेजातली मुलं तिथे नसत. ती असली की खणांतून हसण्याचे आवाज येत आणि मी दारातूनच परत फिरे.

मला माझे अकरा फोटो ठेवायला जागा हवी होती. फोटो आकाशाचे होते. शेपटीवाला धूमकेतू, मृग, कृत्तिका, वृश्चिकाचा आकडा आणि त्याच्यामागचा आकाशगंगेचा धुरकट पट्टा. पुण्यातल्या एका संस्थेत बी.एस्सी.च्या मुलांसाठी उन्हाळ्यात दोन महिन्यांचं शिबिर असायचं. त्याच्या अर्जात एक ओळ होती: स्वतः केलेल्या कामाच्या मूळ प्रती पाठवू नयेत, काम इंटरनेटवर असल्यास पत्ता लिहावा. सक्ती नव्हती. पण माझे मार्क बेताचे होते, माणसांसमोर मला बोलता येत नव्हतं, आणि या अकरा फोटोंशिवाय माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं.

वडिलांनी त्यांच्या पद्धतीने एकदाच सांगितलं होतं. "पुण्याचं पत्र आलं तर एम.एस्सी.चं बघू. नाही आलं तर जूनमध्ये धुळ्याला बी.एड." धुळ्याला आत्याच्या घरी एक खोली रिकामी होती आणि तिथल्या इंग्रजी शाळांना शिक्षिका हव्या होत्या. म्हणजे धुळ्याचं सगळं ठरलेलंच होतं. पुण्याचं फक्त ठरायचं होतं.

फोटो कसे काढले ते आधी सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरूनच झालं.

आमच्या इथे आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. पंधरा-सोळा माणसं, सगळे पुरुष, बरेचसे निवृत्त. अध्यक्ष नाना. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीतले. त्यांच्याकडे रशियन बनावटीचा एक जुना, जड कॅमेरा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्यांना त्यातून नीट दिसेना, तेव्हा एके दिवशी त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तू बघ बेटा, आणि मला सांग काय दिसतं ते." मला असं काही सांगणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नव्हता. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की नाना वाईट होते.

एरंडोलच्या पुढे, पद्मालयाच्या बाजूला, नानांच्या धाकट्या भावाचं शेत होतं. तिथे आजूबाजूला दिवा नव्हता. अमावस्येच्या आसपास नाना आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिकडे मुक्कामाला जात. अक्का बरोबर असत म्हणून मला घरून सोडत. सुताराकडून मी दोन फळ्या एका बिजागरीने जोडून घेतल्या होत्या. वरच्या फळीवर कॅमेरा बसायचा, खालून एक लांब स्क्रू. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. स्क्रू मिनिटाला एक वेढा फिरवला की वरची फळी ताऱ्यांच्या मागोमाग उचलत जाते आणि फोटोत ताऱ्याची रेघ न होता ठिपका राहतो. मी दर पंधरा सेकंदांनी पाव वेढा द्यायचे. असं आठ मिनिटं. हात थरथरला की फोटो गेला. नाना बाजेवर पडून मला कुठला तारा कुठे असेल ते तोंडपाठ सांगायचे, आणि तिसऱ्या फोटोपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असायचा.

नानांचे भाऊ, त्यांना मी आबा म्हणायचे, पाणी द्यायला जाताना थांबून विचारायचे, "बठ्ठा अंधार शे वं माय, फोटू कसाना काढस तू?"

"ताऱ्यांचा, आबा."

"त्या तर रोजच शेतस आठे. कोठे पळी जातस?"

मला अहिराणी कळायची, बोलता यायची नाही. तारे रोज इथेच असतात, ते कुठे पळून जाणार, यावर मी नुसती हसायचे. तीन वर्षांत असे शंभराच्या वर फोटो काढले असतील. पहिला रोल धुवायला दिला तेव्हा स्टुडिओवाल्याने काहीच न छापता परत केला आणि म्हणाला, झाकण काढायला विसरलात. त्या सगळ्यांतले अकरा मला बरे वाटत होते.

तर मी भाऊच्या दुकानात जागा शोधत होते.

फुकट जागा देणाऱ्या कंपन्या पाच-सहा निघाल्या. मी वहीत रकाने आखले आणि एकेकीच्या अटी वाचून लिहून काढल्या. एक-एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मधल्या वेळात मी भिंतीवरच्या पत्रिका वाचून काढायचे. दोन कंपन्यांना क्रेडिट कार्ड लागत होतं, ते आमच्या घरात कुणाकडे नव्हतं. एकीने अर्ज पूर्ण भरून घेऊन भारताचं नाव यादीतच नाही असं सांगितलं. शेवटी दोन उरल्या.

पहिलीकडे जागा भरपूर होती. तयार नमुने होते, किती जणांनी पान पाहिलं ते मोजणारा आकडा होता, पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही होती, पान उघडल्यावर वाजणारं संगीतसुद्धा होतं. पण पानाच्या डोक्यावर जाहिरातीची पट्टी असायची आणि तिथे काय येईल ते आपल्या हातात नव्हतं. एकदा माझ्या कृत्तिकांच्या वर पोहण्याच्या पोशाखातली बाई आली. भाऊ मागून चहाचा ग्लास घेऊन येत होता. मी पडद्यावर वही धरली.

दुसरीकडे जागा जेमतेम, अकरा फोटोंपुरती. पण जाहिरात नाही, प्रत्येक फोटोशेजारी मजकुराला जागा, म्हणजे कुठली फिल्म, किती मिनिटं, कुठून काढला ते लिहिता येणार. महिन्यातून एकदा आपण आत जाऊन यायचं, नाहीतर ते पान काढून टाकणार, एवढीच अट.

कुठली घ्यावी ते ठरवायला मी दोन्हींवर कृत्तिकांचा एकच फोटो चढवून पाहायचं ठरवलं. भाऊने पत्रिकांसाठी स्कॅनर घेतला होता. मी त्याच्याकडे प्रिंट ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी गेले तर तो फार खुशीत होता.

"ताई, फोटोवर कचरा किती होता तुमच्या! रात्रभर प्रिंट उघडी ठेवली होती का काय? दोन तास बसलो. एकेक ठिपका साफ केला."

पडद्यावर काळा चौकोन होता आणि त्यात सात मोठे तारे.

"हे कशाला ठेवले मग?" मी विचारलं.

"मोठे होते ना. म्हटलं शोभेला राहू द्या."

नवरदेवाच्या फोटोवरची धूळ तो तशीच काढायचा. मी त्याला समजावलं. तो ओशाळला, पुन्हा स्कॅन करून दिला आणि दोन तासांचं काही लावलं नाही. मग मी तो फोटो दोन्हीकडे चढवला आणि पडद्याला नाक लावून तारे मोजले. दुसरीच्या पानावर सदतीस भरले. पहिलीच्या पानावर चौदा. पहिली कंपनी प्रत्येक फोटो आपल्या मापात दाबून लहान करायची आणि त्यात बारीक ठिपके शेजारच्या काळ्यात मिसळून जायचे. माणसाच्या चेहऱ्याला त्याने काही होत नाही. माझ्या फोटोंत मात्र बारीक ठिपक्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच.

मी वहीत दुसरीपुढे खूण केली.

तिथेच पान करून टाकायचं होतं. पंधरा मिनिटांचं काम होतं. पण कॅमेरा नानांचा, शेत त्यांच्या भावाचं, तेव्हा त्यांना सांगितल्याशिवाय करणं मला बरं वाटलं नाही. नानांना सांगितलं तर ते खाटेवरून उठून बसले. "म्हणजे आपल्या मंडळाचं पान! अगं, हे रविवारच्या बैठकीत ठेवू."

रविवारी नानांच्या ओट्यावर बैठक झाली. मी वही वाचून दाखवली. दोन्ही कंपन्यांबद्दल जे होतं ते सगळं वाचलं, पहिलीची सोयसुद्धा काही न लपवता. मंडळाचे सचिव एका पतसंस्थेत होते आणि त्यांना बैठका फार आवडत.

"पहिलीला अभिप्रायाची वही आहे म्हणतेस ना? मग झालं की," सचिव म्हणाले. "आणि त्या दुसरीत काय मावतं?"

"अकरा फोटो."

"अकरा? मग पदाधिकारी कुठे बसवू, मंगळावर?"

सगळे हसले. मीही हसले.

"काका, पहिलीत तारे जातात," मी म्हणाले.

"कुठे जातात?"

"बारीक तारे पुसले जातात. फोटो लहान करतात ते."

"अगं, आकाशात ढिगाने आहेत. दोन-चार गेले तर कोण मोजायला येतंय?" मग इतरांकडे वळून म्हणाले, "कॉन्व्हेंटच्या पोरी, बारीक बघायची सवय असते त्यांना."

नाना समजुतीने म्हणाले, "बेटा, उद्घाटन करायचं तर पाहुणे बोलवावे लागतील. पाहुणे आले की पहिल्या पानावर त्यांचा फोटो लागतो. ते दुसरीत बसणार नाही, हे तूच वाचलंस."

मीच वाचलं होतं. पहिली ठरली.

बैठक उठल्यावर मी नानांना एकटं गाठून विचारलं, की माझ्यापुरतं एक लहानसं पान मी दुसरीकडे केलं तर चालेल का. त्यांना राग आला नाही. ते हसले. "एका घरात दोन चुली मांडणार का तू?" मी नाही म्हणाले. ते नाही म्हणायला मला क्षणभरही लागला नाही. त्या क्षणाकडे मी नंतर पुष्कळ वेळा गेले आहे. कुणी माझा हात धरला नव्हता. दुकान नव्या पेठेत होतं, सकाळी अकराला खण रिकामे असायचे, आणि मला आत कसं जायचं ते माहीत होतं.

पान मांडायचं काम भाऊकडे आलं. मराठी अक्षरं तेव्हा पडद्यावर धड उमटत नसत, म्हणून मजकूर इंग्रजीत, आणि तो टाइप करायला मी. भाऊने आयुष्यात पत्रिकाच मांडल्या होत्या. पत्रिकेत वर गणपती, मग घरातला सगळ्यात मोठा माणूस निमंत्रक, मग वयाच्या क्रमाने काका-मामा, आणि तळाशी बारीक अक्षरांत लहान मुलांची ती ओळ, आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं. मोठा माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, लग्नाचा सगळा खर्च भलत्यानेच केलेला असेल, तरी नाव मोठ्याचंच. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं.

भाऊ माझ्या खुर्चीमागे उभा राहून सांगत गेला आणि मी टाइप करत गेले. गणपती. मंडळाचं नाव. मग, "छायाचित्रे आणि संकल्पना."

मी थांबले.

"लिहा ना ताई. नानांचं नाव."

"फोटो..."

"हो, फोटोंचंच. तिथे अध्यक्षच येतात."

मी लिहिलं. नानांचं पूर्ण नाव, पदवीसकट. खाली प्रमुख पाहुणे, त्याखाली सचिव, खजिनदार, सदस्य. मग आकाशाचे फोटो. आणि सगळ्यात तळाशी, जिथे लहान मुलांची ओळ येते तिथे, भाऊने मला शेवटची ओळ सांगितली. "साहाय्य, टायपिंग व इंग्रजी, कुमारी, आणि तुमचं नाव."

"सचिव म्हणत होते कशाला," तो हळूच म्हणाला, "मी म्हटलं, एवढी मेहनत केली पोरीने, नाव आलं पाहिजे." त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझ्यासाठी भांडण केलं आहे. मी त्याला थँक्यू म्हणाले.

उद्घाटन व्यवस्थित झालं. जिन्याच्या पायरीवर नारळ फोडला, माऊसला हळदकुंकू लावलं. पाहुणे एक पुढारी होते. त्यांनी माऊस उचलून हवेत धरला आणि बटण दाबलं. भाऊने तो अदबीने खाली टेकवून दिला. पान उघडेपर्यंत नानांना शाल घालून झाली, दोन भाषणं झाली, चहा झाला. पान उघडलं तेव्हा वर एका सिगरेटची जाहिरात होती. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाचे फोटो त्याच पानावर टाकायचे ठरले. एका पानावर किती फोटो चालतील याला पहिलीतही मर्यादा होतीच, ती भरली. सचिवांनी निरोप पाठवला, आकाशाचे दोन कमी कर. मी कमी केले. नऊ राहिले.

अर्जात मी त्याच पानाचा पत्ता लिहिला. दुसरा नव्हता.

पुण्याहून मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, फोटो पाहिले म्हणूनच आलं असेल. तसंच होतं. टेबलापलीकडे तिघे होते, मधे एक बाई. त्यांच्या शेजारच्या संगणकावर आमचं पान उघडं होतं, गणपतीपासून.

बाई म्हणाल्या, "फोटो चांगले आहेत. तुम्ही यात टायपिंग केलंय, नाही का?"

त्या इंग्रजीत बोलत होत्या. मी चार वर्षांची असल्यापासून शाळेत हीच भाषा बोलत आले. पण आमच्याकडे मोठ्या माणसाचं नाव वर घालतात, हे त्या खोलीत सांगायचं कसं ते मला सुचेना. फोटो माझे आहेत म्हणावं, तर नाना खोटे ठरतात. रीत आहे म्हणावं, तर ती शिबिराच्या मुलाखतीत कोण ऐकून घेणार? मी म्हणाले, "आमच्या मंडळाचे आहेत." आणि मग घाईने, "मी काढलेत." दुसरं वाक्य आधी म्हणायला हवं होतं.

बाईंनी शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पण इथे तर फोटोग्राफर म्हणून दुसरंच नाव आहे. हे पान कुणी टाइप केलं?"

"मी."

मग मी त्यांना फळ्या, बिजागरी, स्क्रू, पंधरा सेकंद, सगळं सांगितलं. न अडखळता. इतकं मी एका दमात कधीच कुणाशी बोलले नव्हते. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चांगलं समजावलंत. पण मदत करणाऱ्यालाही एवढं माहीत असतंच." आवाजात टोमणा नव्हता. एका आठवड्यात अध्यक्षांचं पत्र पाठवा, त्यात फोटो कुणी काढले ते स्पष्ट असू द्या, असं त्यांनी सांगितलं.

परत येताना एसटीत वडिलांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हणाले, "एक पत्र द्यायचंय." ते म्हणाले, "मग देऊ."

नाना लगेच तयार झाले. "एवढंच ना? बस. घे लिहून." त्यांना वाचता-लिहिता येत नव्हतं आता, म्हणून त्यांनी मराठीत सांगायचं, मी इंग्रजीत करायचं, आणि मी बोट ठेवीन तिथे त्यांनी सही करायची. ते डोळे मिटून सांगत होते. सदर विद्यार्थिनी आमच्या मंडळाची अत्यंत आज्ञाधारक व कष्टाळू सदस्या आहे. माझ्या मार्गदर्शनाखाली झालेल्या आकाश-छायाचित्रणाच्या उपक्रमात तिने मोलाचं साहाय्य केलं आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी आमचे आशीर्वाद आहेत.

"नाना," मी म्हणाले, "फोटो मी काढले, असं यायला हवं होतं."

त्यांनी डोळे उघडले. "आलं की. मार्गदर्शनाखाली म्हटलं म्हणजे ज्याने काढले त्याचेच झाले ना. अगं, मी नाही का म्हणतो कधी? सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण सरळ 'मी काढले, मी काढले' असं लिहिणं बरं दिसत नाही बेटा. आपला मोठेपणा दुसऱ्याने सांगावा."

"त्यांना गल्लीतलं माहीत नाही."

"मोठी माणसं आहेत ती. ओळखतात."

अक्का आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि कपबश्या ठेवून आत गेल्या.

मी घरी जाऊन भाषांतर करायला बसले. नाना ते वाचू शकणार नव्हते. साहाय्य केलं या जागी फक्त एक क्रियापद बदललं असतं तर पुरलं असतं, आणि तो खोटेपणाही झाला नसता. मी एक कागद तसा लिहून पाहिला. मग वाटलं, यावर नानांची सही घ्यायची म्हणजे त्यांच्या मोतीबिंदूचा फायदा घ्यायचा. मी तो कागद फाडला आणि त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. मला इंग्रजी चांगलं येत होतं, त्यामुळे भाषांतर अगदी बिनचूक झालं.

पुण्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. वडिलांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बरं." जूनमध्ये मी धुळ्याला आले.

बी.एड.च्या वर्गात आम्हाला फळ्यावर सरळ रेषेत लिहायला शिकवतात. आत्याकडे गच्ची आहे, पण समोर पेट्रोल पंपाचे दिवे असतात. ऑगस्टमध्ये सचिवांचं अंतर्देशीय आलं. नवीन खजिनदार नेमले आहेत, त्यांचा फोटो पानावर टाकायचा आहे, तरी पासवर्ड कळवावा. पान मी केलं होतं, पासवर्ड माझ्याकडेच होता. इतक्या दिवसांत तो कुणाला लागला नव्हता.

धुळ्यातही तोवर एक दुकान झालं होतं. मी पान उघडलं. पाहणाऱ्यांचा आकडा दीडशेच्या आत होता. त्यातल्या बहुतेक वेळा मीच असणार. आत जाऊन मी छायाचित्रांच्या इंग्रजी शब्दापुढचं नानांचं नाव खोडलं आणि तिथे माझं टाइप केलं. खूप वेळ बघत बसले. वर गणपती, खाली शाल घातलेले नाना, आणि मधे माझं नाव. ते कुठून तरी उचलून आणल्यासारखं दिसत होतं. मी ते खोडून पुन्हा नानांचं लिहिलं.

मग मी खाली गेले आणि आकाशाचे फोटो एकेक करून काढून टाकले. प्रत्येक वेळी पान विचारत होतं, नक्की काढायचा का? नऊ वेळा विचारलं. नऊ वेळा मी हो म्हटलं. धूमकेतू शेवटी काढला. घरी येऊन सचिवांना पासवर्ड कळवला, खाली 'सर्वांना नमस्कार' लिहिलं.

मी उत्तराची वाट पाहत होते. पत्र येईल, नाना विचारतील, फोटो कुठे गेले? मग मी सांगेन, माझे होते, मी नेले. हे वाक्य मी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत तयार ठेवलं होतं. सप्टेंबरमध्ये सचिवांचं पत्र आलं. खजिनदारांचा फोटो उत्तम बसला आहे, तुझी आठवण निघते. ऑक्टोबरमध्ये काहीच आलं नाही.

दिवाळीत जळगावला गेले. अक्का म्हणाल्या, नाना भाऊच्या दुकानात आहेत, भुसावळचे कुणी पाहुणे आलेत, तू जा, तुला बघून खूश होतील. नाना एका खणात खुर्चीवर बसले होते, शेजारी पाहुणे, मागे भाऊ. पान उघडलं होतं. वर काहीतरी जाहिरात, मग गणपती, मग पुढारी, मग शाल. नाना पडद्याकडे तोंड करून, पण पडद्याच्या थोडं बाजूला बघत बोलत होते.

"हे वरचं नुसतं औपचारिक," ते पाहुण्यांना सांगत होते. "खरं काम खाली आहे. तीन वर्षं शेतात जागून केलेलं. ही आली बघा, हिच्या हातांनी केलेलं. असा स्थिर हात मी कुणाचा पाहिला नाही."

पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवत म्हणाले, "वा, वा."

हे त्यांनी पत्रात का लिहिलं नाही, ते माझ्या तोंडाशी आलं.

"बेटा," नाना म्हणाले, "खाली ने पान. धूमकेतू दाखव पाहुण्यांना."

भाऊने माऊस माझ्याकडे सरकवला. मी तो हातात धरला. तो दोन बोटं सरकवला असता की पान तळापर्यंत गेलं असतं.

"लाइन गेली, नाना," मी म्हणाले.

भाऊने वाकून मोडेमकडे पाहिलं. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चहा सांगायला बाहेर गेला.

"असंच असतं इथे," नाना पाहुण्यांना म्हणाले. "पण फोटो कुठे जात नाहीत. पुढच्या वेळी बघा."